चौदा डब्यांचा पिझ्झा

सासू आणि जावयाला आठ दिवस एका घरात एकटं सोडू नये हे बायकोला कळत नव्हतं अशातला भाग नाही, पण तिचाही नाइलाज होता. ती पोहण्याची प्रशिक्षक. तिच्या तलावावरच्या बारा मुलींची स्पर्धा दुसऱ्या शहरात होती आणि मुलींना बसमधून नेणं-आणणं तिच्यावाचून कोणाला जमणारं नव्हतं. निघण्याआधी दोन दिवस ती स्वयंपाकघरातून हललीच नाही. भाजलं, उकडलं, परतलं, डब्यांत भरलं. शेवटी फ्रिजचं दार लावायला गुडघा लावावा लागला.

"आठ दिवसांचं आहे. गरम करायचं नि खायचं. आणि काही टाकलेलं मला दिसलं ना, तर याद राखा," असा दोघांना मिळून एकच दम दिला, गळ्यात शिट्टी अडकवली आणि ती गेली.

मागे राहिलेल्या दोघांपैकी जावई लिफ्ट-तपासनीस होता. शहरभरच्या इमारतींत जाऊन लिफ्टचे दोर, ब्रेक आणि दारं तपासायची, किती माणसं चढावीत याची पाटी जागेवर आहे ना ते बघायचं, आणि मग सही करायची, हे त्याचं काम. माणूस मुळातच सावध. स्वतः मात्र तिसऱ्या मजल्यावरच्या घरी जिन्यानेच यायचा. का, ते कोणी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

सासू म्हणजे सिस्टर. चौतीस वर्षं रुग्णालयात नर्स, त्यातली बारा वॉर्डची प्रमुख. निवृत्त झाली तरी भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे तिला सिस्टरच म्हणत. मोठमोठे सर्जन तिच्या वॉर्डात बुटांचा आवाज न करता चालायचे, अशी तिची ख्याती. पण चार महिन्यांपूर्वी तिची जुनी इमारत पाडायला घेतली, ती लेकीकडे राहायला आली, आणि त्या दिवसापासून वाघिणीची शेळी झाली. जावयाचं घर पडलं ना! चहा हवा का विचारलं तर म्हणायची, "तुम्ही घेत असाल तर घोटभर." जावईही काही कमी नव्हता. तिला त्रास नको म्हणून रेडिओ इतका हळू लावायचा, की बातम्या ऐकायला कान रेडिओला टेकवावा लागे. बायको वैतागून म्हणायची, "मी घरात राहतेय की दोन देशांच्या वाटाघाटींत, तेच कळत नाही."

तर आता वाटाघाटी करणारे दोघेच उरले.

पहिल्या रात्री जेवायला भाजलेली कोंबडी होती. सहा तुकडे. दोघांनी दोन-दोन खाल्ले.

"घ्या ना, जावईबापू."

"छे छे, आई, माझं झालं. तुम्ही घ्या."

"माझं तर कधीच झालंय."

झालं कोणाचंच नव्हतं. दोन तुकडे लहान डब्यात गेले. दुसऱ्या दिवशी वांगी उरली, तिसऱ्या दिवशी मटार, चौथ्या दिवशी टोमॅटोत शिजवलेले चणे. शेवटचा घास दुसऱ्यासाठी ठेवायचा हा दोघांचाही बाणा. त्यामुळे मोठा डबा रिकामा होऊन मधला, मधला होऊन छोटा, असं करत करत फ्रिजमध्ये लोणच्याच्या वाटीएवढ्या डब्यांची वसाहत उभी राहिली. जावई कामावरून येताना बेकरीत थांबून दोन पाव उभ्या उभ्या खायचा. दुपारी सिस्टरच्या खोलीतून बिस्किटांच्या पुड्याची कुरकुर ऐकू यायची, आणि तो घरी असला तर मोठ्याने खोकायचा, म्हणजे आपण काही ऐकलं नाही असं तिला वाटावं.

आठव्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास फोन वाजला. बायकोच होती. मागे मुलींचा नुसता कालवा चालला होता.

"तिसऱ्या आलो! उद्या नाही, आजच येतेय. आठपर्यंत घरी. या बारा राक्षसिणींनी बसमधलं सगळं फस्त केलंय, मी उपाशी आहे. फ्रिज रिकामा झाला असेल ना?"

"अं... झालाच," जावई म्हणाला. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे त्याचा आवाज चिरकला.

फोन ठेवून दोघांनी फ्रिज उघडला. चौदा डबे. एकात फक्त एक मशरूम होतं. चार दिवस ते दोघांनी एकमेकांसाठी राखून ठेवलं होतं.

सिस्टरने बाह्या वर केल्या आणि एकेक डबा उघडून नाकाशी नेला. वांगी, ठीक. मटार, ठीक. पालक जरा मलूल, पण शुद्धीवर. कोंबडीपाशी ती थांबली. पुन्हा वास घेतला. मग मनगटावरच्या घड्याळाकडे बघून गंभीरपणे म्हणाली, "गेली. चार वाजून बावीस मिनिटं."

जावयाला हसू आलं, पण हसावं की नाही हे ठरेना. म्हणून तो केराची पिशवी उघडून अदबीने उभा राहिला.

"उरले तेरा," सिस्टर म्हणाली. "एवढ्याशा एवढ्याशातून तिला वाढायचं काय?"

जावई चाचरत म्हणाला, "पिझ्झा... होऊ शकतो. बेकरीशेजारच्या दुकानात मळलेल्या पिठाचे तयार गोळे मिळतात. वर काहीही घालता येतं म्हणे. म्हणजे तुम्हाला चालत असेल तर."

"तुम्हाला आवडत असेल तर मला चालेल."

"तुम्हाला चालत असेल तर मला आवडेल."

यात पाच मिनिटं गेली. मग तो जिना उतरून पळत गेला आणि पिठाचे तीन गोळे, टोमॅटो सॉस आणि चीज घेऊन आला.

सिस्टरने गोळा लाटायला घेतला. लाटलं की पसरायचा आणि लाटणं उचललं की पुन्हा आखडायचा. तीनदा लाटला, तीनदा तो मुठीएवढा होऊन बसला. तिने त्यावर उलटा हात ठेवला आणि तिचा चेहराच बदलला.

"गारठलंय हो बिचारं! फ्रिजमधून काढलं आणि लगेच कपडे उतरवले, मग अंग चोरणार नाही तर काय?"

तिन्ही गोळे तिने स्वच्छ टॉवेलात गुंडाळले आणि तापू लागलेल्या ओव्हनशेजारी ओळीने ठेवले. नवजात बाळांच्या खोलीत ठेवतात तसे. पाऊण तासाने ते मऊ पडले, अंगाने भरले, आणि बोटांनी नुसतं दाबलं तरी पसरू लागले. जावई मनातल्या मनात थक्क झाला. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत हेच लिहिलं होतं. त्याने ते दुकानातच वाचलं होतं, पण सांगायचा धीर झाला नव्हता.

पुढेही तेच झालं. सिस्टरने पहिली पोळी फळीवर पसरली, सॉस लावला आणि एकामागून एक डबे त्यावर पालथे करायला सुरुवात केली. वांगी, मटार, बटाटे, पालक. तिला काय, एका फटक्यात फ्रिज मोकळा करायचा होता. चणे तर टोमॅटोच्या रश्शासकट पडले. आयुष्यभर जावयाने एकच गोष्ट तपासली होती, कशाला किती वजन पेलतं. त्याने तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. तोवर वर मशरूम विराजमान झालं होतं.

ओव्हनमधलं तापलेलं ताट अर्धवट बाहेर ओढून सिस्टरने त्यावर फळी तिरकी केली. आधी काहीच हललं नाही. मग मधोमध टर्रकन आवाज झाला, पोळी फाटली, आणि अर्धा डोंगर ताटाला वळसा घालून थेट ओव्हनच्या तळाशी गेला. चर्रर्र! धुराचा असा लोट उठला की दोघं एकमेकांना दिसेनात.

"मला माहीत होतं!" धुरातून जावयाचा आवाज आला.

चार महिन्यांत या घरात त्याने पहिल्यांदाच आवाज चढवला होता. सिस्टरने खिडकी उघडली आणि वळली. "काय माहीत होतं?"

"हे कोसळणार ते! चौघांच्या लिफ्टमध्ये चौदा जण कोंबलेत तुम्ही!"

"तेरा. कोंबडी आधीच गेली होती."

"तेरा तर तेरा! त्यात रस्सा! खालून ओलं, वरून ओझं, कसलं पेलतंय?"

"एवढं कळत होतं तर तोंड का शिवलं होतं?"

"तुम्हाला कसं सांगणार? तुम्ही सर्जनना रडवलंय!"

"एकालाच! आणि तो हात न धुता आला होता!" सिस्टरचा तो वॉर्डातला आवाज चार महिने कुठे दडला होता कोण जाणे. खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. "या घरात मला कोणी चुकलीस म्हणत नाही, बरोबर आहेस म्हणत नाही. नुसतं 'आई, तुम्ही घ्या, आई, तुम्ही बसा.' काचेचं भांडं आहे का मी? म्हणूनच खोली बघून ठेवलीय मी!"

धूर विरला. दोघं समोरासमोर उभे होते आणि दोघांच्याही भुवयांवर पीठ होतं.

"कसली खोली?" जावयाने विचारलं. आता त्याचा आवाज एकदम खाली आला होता.

"बाजारामागे. एक तारखेपासून. लेकीला अजून सांगितलं नाही." सिस्टरने ओट्यावरचा एक मटार उचलला आणि उगाच बोटांत फिरवला. "तुम्ही माझ्यामुळे रेडिओसुद्धा मोकळेपणाने ऐकत नाही."

"तुमची दुपारची झोप मोडेल म्हणून!"

"मी दुपारी झोपतच नाही. तुम्हाला निवांतपणा मिळावा म्हणून खोलीत जाऊन बसते."

"आणि बिस्किटं खाता."

सिस्टर चपापली. "ऐकू येतं?"

"सगळ्या इमारतीला."

ती आधी लाल झाली. मग तिचे खांदे हलू लागले, आणि मग ती ओटा धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. जावई भुवयांवरचं पीठ पुसू लागला. कसाबसा म्हणाला, "तुम्ही जाऊ नका. म्हणजे... तुम्हाला चालत असेल तर असं नाही म्हणत मी. मला आवडणार नाही, एवढंच."

"बघू," सिस्टर म्हणाली आणि डोळे पुसले. "आधी हे रुग्ण बघू. साडेसहा झाले."

अर्धा ढिगारा फळीवरच अडकून राहिला होता. अपघातातली माणसं यावीत तशी तिने त्याची वर्गवारी केली. ओले इकडे, कोरडे तिकडे. चणे गाळणीत घातले आणि त्यांचा रस्सा कढईत आटवून घट्ट केला. पालक फडक्यात घालून पिळला. बटाट्यांच्या पातळ चकत्या केल्या. जावई ओव्हनचा तळ खरवडता खरवडता हुकूम सोडू लागला, "एकावर चारच गोष्टी! पाचवी चढली तर मी सही करणार नाही!" आश्चर्य म्हणजे सिस्टरने ऐकलं. दुसऱ्या पोळीवर आटवलेला रस्सा, वांगी, बटाटे आणि चीज, एवढंच घातलं. कडा फुगल्या, चीज वितळलं, खालून पोळी खरपूस झाली. ताट सहीसलामत बाहेर आलं तेव्हा दोघांचाही जीव भांड्यात पडला.

तिसऱ्या पोळीवर मात्र पुन्हा जुंपली. कच्चा कांदा चीजच्या खाली की वर?

पावणेआठला बायको लिफ्टची वाट न बघता बॅग ओढत जिना चढू लागली. दुसऱ्या मजल्यावरच तिला आईचा आवाज ऐकू आला आणि पाठोपाठ नवऱ्याचा, त्याहून मोठा. उरलेल्या पायऱ्या तिने दोन-दोन करत गाठल्या, दार ढकललं, आणि सवयीने शिट्टी फुंकली.

दोघेही जागच्या जागी थिजले.

"काय चाललंय? काय झालं?"

"काही झालं नाही," सिस्टर म्हणाली. "हा तुझा नवरा ऐकत नाहीये. अरे, वर घातलास तर करपेल तो कांदा!"

"करपू दे! करपलेलाच छान लागतो!"

बायको आळीपाळीने दोघांकडे बघत राहिली. आई याला 'अरे' म्हणाली? आणि यानं आईला उलट उत्तर दिलं? बॅग तिथेच टाकून ती खुर्चीत बसली, समोरचा पिझ्झा ओढला आणि सलग तीन तुकडे संपवले. मग म्हणाली, "वांगी ओळखीची वाटतात."

"तुझीच आहेत," सिस्टर म्हणाली. "कोंबडीचं मात्र वाईट झालं. नंतर सांगते."

कांद्याचा वाद शेवटी अर्धा पिझ्झा खाली, अर्धा वर, असा मिटला. कोणता अर्धा चांगला झाला यावर त्या घरात आजही एकमत नाही.

सोमवारी सिस्टर बाजारामागची खोली नको म्हणून सांगायला गेली. वाटेत काही जड उचलायचं नसतानाही जावई तिच्याबरोबर गेला. घरमालकीणबाईंना वाईट वाटलं. "अहो पण का, सिस्टर? काय कमी आहे?"

सिस्टरने खोलीभर नजर फिरवली. "ओव्हन नाही ना," ती म्हणाली.

"एवढंच? बसवून देते की!"

सिस्टरने मदतीसाठी जावयाकडे बघितलं. तोवर त्याने कोपऱ्यातली खिडकी तपासली होती, दाराची कडी वाजवून पाहिली होती, आणि आता तो छताकडे बघत मान हलवत होता. "नाही," तो म्हणाला, "मी सही देणार नाही."

घरमालकीणबाईंना यातलं काहीच कळलं नाही, पण त्याच्या छातीवरचा तपासनिसाचा बिल्ला बघून त्यांनी जास्त विचारलंही नाही. बाहेर आल्यावर घराचा जवळचा रस्ता बाजारातून की तलावावरून, यावरून दोघांचं वाजलं. वीस पावलं भांडले, मग दोघेही आपापल्या रस्त्याने गेले. सिस्टर सांगते, ती चार मिनिटं आधी पोहोचली. जावई म्हणतो, अडीच.