देओलिंदाला बसून जेवायचं होतं

छत्तीस वर्षं देओलिंदाने दुसऱ्यांना जेवू घातलं. देशाच्या उत्तरेला, रेग्वा गावात, बाजाराच्या मागच्या बोळात, तिची आणि तिच्या नवऱ्याची, अदेरितोची, सहा टेबलांची खानावळ होती. देओलिंदा आत चुलीपाशी आणि अदेरितो बाहेर. त्याचं काम वाइन ओतण्याचं आणि गप्पा मारण्याचं. गुरुवारी घेवड्यातली वजडी, रविवारी भट्टीत भाजलेलं करडू, आणि सूप तर रोजचंच. शेवटचं गिऱ्हाईक उठलं की ती ओट्याशी उभ्याउभ्याच भांड्याच्या तळाला राहिलेलं पावाने पुसून खायची. त्याला ती जेवण म्हणायची.

तिच्याकडे दक्षिणेकडचा एक ट्रकवाला नेमाने यायचा, जेर्वासियो नावाचा. ताट चाटूनपुसून साफ करायचा आणि मग मोठा सुस्कारा सोडायचा.

"सगळं झकास, दोना देओलिंदा. पण तुम्हा लोकांना कोथिंबीर माहीत नाही हो! आमच्याकडची असोर्दा एकदा खाऊन बघा. शिळा पाव, लसूण, कोथिंबीर आणि उकळतं पाणी. बस्स."

"यात शिजवलं काय मग?" ती आतून ओरडायची.

"तेच तर," जेर्वासियो म्हणायचा. "खाल्ल्यावर कळेल."

छत्तीस वर्षं भरली त्या उन्हाळ्यात त्यांनी खानावळ भाच्याच्या हाती सोपवली. आता करायचं काय, असं अदेरितोने विचारलं, तर देओलिंदाचं उत्तर तयारच होतं.

"आठ दिवस सुट्टी. खाली दक्षिणेला, जेर्वासियोच्या आलेन्तेजूला जायचं. मी खुर्चीत बसणार आणि कुणीतरी मला वाढणार. मध्ये एकदाही उठणार नाही."

अदेरितोने गाडीच्या डिकीत घरची धुरावलेली सॉसेजं भरून घेतली. "तिकडे काय मिळतंय कुणास ठाऊक," तो म्हणाला.

एव्होरात तिने शिंपल्यांबरोबर परतलेलं डुकराचं मांस खाल्लं, वर अंडी, दूध आणि दालचिनीचा गोड सेरिकाया आणि पाकातला आलुबुखार. एकेक घास ती डोळे मिटून खात होती. अदेरितो नाक मुरडत होता. शिंपले समुद्रातले, डुक्कर रानातलं, यांचं लग्न कुणी लावून दिलं, असं त्याने वाढप्यालाच विचारलं. प्रत्येक ताटात कोथिंबीर बघून तो म्हणायचा, "अगं, यांनी बागेतलं गवत कापून घातलंय."

"गप खा," ती म्हणायची.

तिसऱ्या दिवशी, मंगळवारी दुपारी, सेर्पाच्या पुढे रस्ता सोडून आत गेल्यावर एका गावात त्यांना हवी तशी जागा सापडली. चुन्याने रंगवलेल्या भिंती, पाच टेबलं, स्वयंपाकघराच्या दारात माश्या अडवायला मण्यांचा पडदा. एका टेबलावर ऑलिव्हच्या बागेत काम करणारे चौघे बसले होते. मालक कुश्तोदियो, सत्तरीचा उंच, वाकलेला माणूस, पाव आणि ऑलिव्ह घेऊन आला.

"आज असोर्दा आहे. दुसरं काही नाही. चालेल?"

"त्याचसाठी पाचशे किलोमीटर आलेय," देओलिंदा म्हणाली.

अदेरितोने कपाळाला हात लावला.

आतून उकळत्या पाण्याची आणि बकल्याव या खारवलेल्या माशाची वाफ येत होती. देओलिंदाने रुमाल मांडीवर पसरला. तेवढ्यात मागच्या अंगणातून धप्पकन आवाज आला आणि पाठोपाठ एका बाईची सणसणीत शिवी. कुश्तोदियो हातातला जग तसाच टाकून पळाला.

त्याची बायको एतेल्विना कोथिंबीर खुडायला गेली होती आणि ओल्या पायरीवरून घसरली होती. समोरच राहणारी नर्स आली, तिने मनगट दाबून, वळवून बघितलं. मोडलं नव्हतं, पण मुरगळलं होतं. तिने ते घट्ट बांधलं आणि आठवडाभर या हाताने चमचासुद्धा उचलायचा नाही, असं बजावलं. एतेल्विनाला स्वयंपाकघरात, दाराशी खुर्चीवर आणून बसवलं तेव्हा तिच्या डाव्या हातात कोथिंबिरीची जुडी तशीच होती.

कुश्तोदियो टेबलांपाशी आला. त्याचं तोंड पार उतरलं होतं.

"मंडळी, आज पाव आणि चीजवर भागवा. मी पाणी उकळत ठेवलं तर तेही करपतं."

आणि इथे अदेरितोने घोळ घातला. छाती पुढे काढून तो म्हणाला, "त्यात काय एवढं! माझी बायको आहे ना. छत्तीस वर्षं खानावळ चालवलीय तिने. आत्ता उठेल आणि चुटकीसरशी करून टाकेल. उठ गं."

सगळ्यांनी वळून देओलिंदाकडे पाहिलं. चौघा कामगारांनी तर सुटकेचा सुस्काराच सोडला.

देओलिंदाच्या मांड्या सवयीने उठायला निघाल्या होत्या. तिने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली.

"नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे नाही. मी सुट्टीवर आलेय. मी बसलेय."

अदेरितोला कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. "अगं, बिचारीचा हात..."

"मग तू जा."

"मी?"

"छत्तीस वर्षं माझ्या स्वयंपाकघराच्या दारात टेकून उभा होतास. काहीतरी दिसलंच असेल."

देओलिंदाला वाटलं, झालं, आता ही बाई मला दगडाच्या काळजाची म्हणणार. पण एतेल्विना आधी खुदकन आणि मग खदखदून हसली. हसताना मनगट दुखलं, तरी हसत राहिली.

"बरोबर बोलली ती. या सेन्योर, आत या. मी इथून सांगते, तुम्ही करा. हात धुवून या आधी."

"लग्नातसुद्धा एवढा पांढरा पडला नसेल हा," कामगारांपैकी एक म्हणाला.

अदेरितो आत गेला. पुढची पंचवीस मिनिटं देओलिंदाच्या आयुष्यातली फार अवघड होती. तिला दिसत काहीच नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं.

"लसूण पाच पाकळ्या. सोला आधी, सालीसकट काय टाकताय! जाड मीठ. आता कोथिंबीर. देठं पण घ्या, देठातच तर सगळं आहे. कुटा."

आतून खलबत्त्याचा आवाज येऊ लागला. ठक. बराच वेळ काही नाही. मग ठक ठक. देओलिंदाचे हात शिवशिवायला लागले. असं कुटलं तर दुपार उलटून जाईल. बत्ता वरून आपटायचा नसतो, गोल फिरवायचा असतो. तिने हात मांडीखाली घेतले आणि त्यांच्यावर बसली.

"जा हो, जाऊन या," शेजारच्या टेबलावरचा म्हातारा कामगार डोळे मिचकावत म्हणाला. "आम्ही कुणाला सांगणार नाही."

"मला उठवलंत तर तुमचा वाटा मी खाईन," ती म्हणाली.

"अंडी अलगद सोडायची, सेन्योर," आतून एतेल्विनाचा आवाज आला. "अलगद म्हटलं मी! विहिरीत दगड टाकताय का?"

मग तेलाचा वास आला. आणि उकळतं पाणी त्या कुटलेल्या हिरव्या गोळ्यावर पडलं, तेव्हा जो वास उठला त्याने सगळी खोली भरून गेली. देओलिंदाला जेर्वासियोचा सुस्कारा आठवला. इतकी वर्षं तो नुसता बढाया मारतोय असं तिला वाटायचं.

मण्यांचा पडदा बाजूला सारून अदेरितो बाहेर आला. अंगात एतेल्विनाचा फुलाफुलांचा ॲप्रन, कोपराला कोथिंबीर चिकटलेली, चेहरा घामाने निथळत होता. त्याने मोठा वाडगा दोन्ही हातांनी धरून आणला, अगदी बाप्तिस्म्याचं मूल आणावं तसा. कामगारांकडे न बघता तो सरळ तिच्याकडे आला. वाडगा ठेवला आणि तिथेच उभा राहिला.

हिरव्या पाण्यात पावाचे तुकडे फुगून तरंगत होते, वर माशाचा तुकडा आणि दोन अंडी. देओलिंदाने चमचा बुडवला. फुंकर मारली. खाल्लं. मग दुसरा चमचा. मग तिसरा.

"कसं झालंय?" अदेरितोने विचारलं. त्याचा आवाज नेहमीचा नव्हता.

तिने वर पाहिलं. त्याचा चेहरा तिला ओळखीचा वाटला आणि क्षणभर कळेना, कुठला. मग लक्षात आलं. गिऱ्हाईक पहिला घास घ्यायचं तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती स्वतः अशीच बघायची. त्याने ते कधी पाहिलं नव्हतं, कारण तो तेव्हा गप्पा मारत असायचा.

"लसणीची अख्खी पाकळी आलीय मला," ती म्हणाली. "अंडं दगड झालंय. मीठ थोडं कमी."

अदेरितोचे खांदे पडले.

"आणि असलं काही मी जन्मात खाल्लं नाही," ती म्हणाली. तिने पटकन पावाचा मोठा तुकडा तोंडात कोंबला. "आता उभा काय राहिलास? त्या लोकांना वाढ. निवलं तर काही खरं नाही."

त्याने चौघांना वाढलं. परतताना एकाच्या विजारीवर रस्सा सांडला, त्याबद्दल दोन टोमणे खाल्ले. कुश्तोदियोने एतेल्विनाला धरून देओलिंदाच्या टेबलावर आणून बसवलं आणि तिच्यापुढेही वाडगा आला. ती डाव्या हाताने, सांडत-लवंडत खाऊ लागली.

"गरम आहे," ती म्हणाली. तिला त्याचंच नवल वाटत होतं. "माझी असोर्दा मी गरम कधी खाल्लीच नाही. सगळ्यांचं होईपर्यंत पाव नुसता लगदा झालेला असतो."

"मी वजडी कायम गारच खाल्ली," देओलिंदा म्हणाली. "वर चरबीची साय धरलेली."

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. पुढे मग फार बोलल्या नाहीत, खात राहिल्या.

त्याच संध्याकाळी ते बेजाला जायचे होते. गेले नाहीत. एतेल्विनाची भाची शनिवारी मदतीला येणार होती, तोवर दार बंद ठेवावं लागलं असतं. अदेरितोच म्हणाला, "तीन दिवसांचा तर प्रश्न आहे. दोना एतेल्विना सांगतील तसं करतो." बुधवारी त्याने शिळ्या पावाचा चुरा लसणीत परतून मिगास केलं आणि ते तव्याला चिकटलं. गुरुवारी चण्याचं कालवण चक्क चांगलं झालं. गावातले लोक उत्तरेकडच्या माणसाच्या हातचं खायला म्हणून येऊ लागले, निम्मे खायला आणि निम्मे मजा बघायला. कोथिंबीर तो आता मूठभर घालत होता, आणि कुणी कमी म्हटलं तर त्याला राग येत होता.

शुक्रवारी मुशी माशाचं सूप होतं. पीठ लावून ते दाट करायचं असतं, आणि त्याच्या गुठळ्या होतात हे देओलिंदाला ठाऊक होतं. तिने बराच वेळ दम धरला. मग तीच उठली, बाह्या सारल्या आणि आत शिरली. यावेळी तिला कुणी बोलावलं नव्हतं. तिला खरंच करावंसं वाटत होतं.

अदेरितो डाव घेऊन दारात आडवा उभा राहिला.

"काय हवंय, सेन्योरा?"

"पीठ आधी गार पाण्यात कालव, नाहीतर..."

"कालवलंय. गिऱ्हाइकांनी आत यायचं नसतं. बाहेर बसा, वाढतोच आहे."

तिला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. बाहेर भिंतीला टेकून, उन्हात, एतेल्विना हात गळ्यात अडकवून बाकावर बसली होती. तिने सरकून जागा केली. देओलिंदा तिच्या शेजारी टेकली, पाय लांब केले, आणि दोघी जेवणाची वाट बघत बसल्या.