खडू नव्हे, तर काय?

शिवणाच्या खोलीत पांढरा भुगा कुणी मनावर घेत नाही, खडूचा असतो. पण काळ्या कोटाच्या काजांपाशी तो दिसला आणि टेलर मास्तरांच्या मनात पाल चुकचुकली. काळ्या कापडावर खुणा करायला ते पिवळा खडू वापरत. पांढरा तर संपून आठवडा झाला होता.

मास्तरांचा स्वभावच संशयी. बॉबिन हरवली, तर आधी ते सगळ्यांचे चेहरे वाचत आणि मग टेबलाखाली बघत. आता त्यांनी काजवालीवर नजर ठेवली. ती दोन महिन्यांपूर्वी काज-बटणाला लागली होती. हात सफाईदार, पण एवढ्या उकाड्यात मनगटापर्यंत बाह्या? दुसऱ्याच दिवशी बाही वर सरकली आणि कोपरावरचा लाल, खवल्यांचा चट्टा त्यांना दिसला.

"गजकर्ण," ते इस्त्रीवाल्या काकांच्या कानाशी लागले. "भुगा खडूचा नव्हेच, हिच्या कातडीचा. तरीच झाकून ठेवते."

झालं. गजकर्ण एकाचं दुसऱ्याला लागतं, हे सगळ्यांना ठाऊक. कुणी तिचा पेला वेगळा केला, कुणी स्टूल लांब सरकवलं. मास्तरांनी तिच्या कात्रीला लाल चिंधी बांधली, म्हणजे चुकूनही कुणी उचलायला नको. ती काही बोलली नाही. मास्तरांना त्यातही खोट दिसली. मनात काळंबेरं नसेल तर माणूस गप्प कशाला बसेल?

महिनाभराने त्यांनी सांगून टाकलं, "डॉक्टरांची चिठ्ठी आणा, नाहीतर सोमवारपासून येऊ नका."

तिने चिठ्ठी आणली. सोरायसिस, संसर्गजन्य नाही. मास्तरांनी ती उजेडात धरून पाहिली. शिक्का त्यांना पुसट वाटला.

"चिठ्ठी काय, कुणीही लिहून देतं."

"मग चला माझ्याबरोबर, समोरच विचारा," ती म्हणाली. "मास्तर, दोन वर्षं मीही गजकर्ण समजूनच मलम चोळत होते. लेकीला जवळ घेत नव्हते."

मास्तर गेले, ते लबाडी पकडायलाच. डॉक्टरबाईंनी तिचं कोपर उघड्या हाताने धरलं आणि चट्ट्यावरून अंगठा फिरवला. मास्तरांनी खुर्ची मागे घेतली.

"हातमोजे नाही घातलेत?"

"कशाला? नवी त्वचा वर यायला एरवी महिना लागतो. हिला काही दिवसांतच येते, म्हणून थर साचतात आणि खवले पडतात. प्रतिकारशक्तीचा गोंधळ आहे हा. हात लावल्याने, सोबत जेवल्याने कुणाला होत नाही."

"मग बरं करून टाका की."

"हा आजार कायमचा जात नाही, पण आटोक्यात राहतो. मलम नेमाने लावायचं, मनाने बंद करायचं नाही. अंघोळीनंतर लगेच मॉइश्चरायझर. खाजवायचं नाही. सांधे दुखले तर थेट इकडे यायचं." मग त्यांनी जुना कागद पाहिला. "मागच्या वेळी चट्टे बसत आले होते. महिन्याभरात इतके वाढले कसे? मनाला कसला ताण आहे का?"

"कामावर जरा..." म्हणत तिने बाही खाली ओढली.

मास्तर ओशाळले. ज्याला पकडायला ते इथवर आले होते, तो तर त्यांच्याच खुर्चीत बसला होता!

"ताण माझाच आहे, डॉक्टर," ते म्हणाले. "मीच सगळ्यांना गजकर्ण म्हणून सांगितलं."

त्याच संध्याकाळी चिंधी निघाली. खोलीला मात्र मास्तरांचं मन बदलल्याची खात्री नव्हती. पुढच्याच आठवड्यात जुन्या गिऱ्हाइकांपैकी एक गृहस्थ सुटाचं माप द्यायला आले आणि काजवालीकडे बघून थबकले.

"या बाईंच्या हाताला काय झालंय? माझं काम यांच्याकडे नको."

मशिनी थांबल्या. काजवालीने सुई खाली ठेवली आणि पिशवी जवळ ओढली.

"सोरायसिस आहे," मास्तर म्हणाले. "कुणाला लागत नाही, मी स्वतः जाऊन विचारून आलोय. काजं त्याच करतील. चालत नसेल तर कापड परत न्या."

गृहस्थ कापड घेऊन गेले. मास्तरांनी त्यांना थांबवलं नाही.

वाचकहो, दुसऱ्याच्या अंगावरचा चट्टा दिसला, की आपण मनानेच त्याला नाव देऊन मोकळे होतो. आजार त्या माणसाने कसाबसा पेललेला असतो. आपला संशय त्याला पेलवत नाही. म्हणून स्टूल लांब सरकवण्याआधी जाणत्या माणसाला विचारा.