अकरा पानं

एवारिस्तोने फायलीची नाडी सोडली, पण फाईल उघडायला काही त्याचा हात होईना. शेजारी हर्मिनिया पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती.

स्पेनचा हुकूमशहा मेल्यावर माद्रिदजवळची सेन्सॉरची दफ्तरं खुली झाली, हे पेपरात वाचून तिनेच म्हाताऱ्याला इथवर आणलं होतं. तिचा बाप अस्तुरियासच्या कोळशाच्या खाणीत दबून मेला तेव्हा ती दोन वर्षांची. आईने, ओब्दुलियाने, सगळी हकिगत एकट्या शाळामास्तराला, म्हणजे एवारिस्तोला सांगितली: कुजलेले टेकू, दडपलेल्या तक्रारी, त्या सकाळी नवरा दारातून काय बोलून गेला ते. त्याने कादंबरी लिहिली. ती गाजलीही, पण नेमकी ही हकिगत असलेली अकरा पानं वगळून. सेन्सॉरने कापली, असं त्याने ओब्दुलियाला सांगितलं. बिचारी त्यावर जन्मभर मान ताठ ठेवून चालली. माझ्या मेलेल्या नवऱ्यालाही सरकार टरकतं, म्हणायची. लेकीने बापाबद्दल विचारलं की एकच उत्तर: मास्तरांनी लिहिलंय, छापून येईल तेव्हा वाच. आणि तशीच ती गेली.

शेवटी हर्मिनियानेच फाईल ओढली. आत एकच कागद होता. त्यावर सेन्सॉरचा शेरा होता: खाणीतल्या अपघाताचा विषय असेल असं वाटलं होतं, तसं काही आढळलं नाही, प्रकाशनास हरकत नाही.

तिने तो दोनदा वाचला.

“पानं कुठायत, मास्तर?”

“मीच काढली. पाठवायच्या आधीच. म्हटलं, बाकीचं पुस्तक तरी निघेल.” तो टेबलाकडे बघत बोलला. “चुलीत घातली.”

तिने चार शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. तिने फाईल मिटली, नाडी नीट बांधली.

“जाऊ दे पुस्तक. मला एवढंच सांगा, बाबा त्या सकाळी काय म्हणाले?”

एवारिस्तोने डोळे मिटले. दरीतल्या धुक्याच्या वर्णनावर त्याने तेव्हा तीन दिवस घालवले होते, ते शब्दनशब्द आठवलं. दार आठवलं. दारातला माणूस आठवला. पुढचं वाक्य ओब्दुलियाने सांगितलेलं होतं, त्याने रचलेलं नव्हतं, आणि ते काही केल्या आठवेना.

हर्मिनिया वाट बघत होती.

“धुकं होतं, पोरी,” तो म्हणाला. “त्या दिवशी फार धुकं होतं.”