दोन काळ्या खडकांमधला लाल थर

मी लाल थर बोलतोय. डोंगर पाहताना तुमचे डोळे काळ्या खडकावर खिळतात, माझ्याकडे कुणी बघत नाही. कड्यावर विटकरी रंगाची बारीक पट्टी दिसते ना, तो मी.

ज्वालामुखीतून पहिला लाव्हा आला, थिजला, त्याचा काळा खडक झाला. मग बराच काळ सगळं शांत होतं. ऊन-पावसानं खडकाचा माथा कुजला, त्यावर राख बसली आणि माझा जन्म झाला. मी जरा कुठं बाळसं धरतोय, तोच दुसरा लाव्हा अंगावर आला आणि त्यानं मला चांगलं भाजून काढलं. तेव्हापासून खाली काळा, वर काळा, मधे मी. अख्खा डोंगर डोक्यावर घेतला, पण हूं की चूं केलं नाही.

पुढे त्या डोंगराच्या उतारावर शाळा बांधायचं ठरलं. जमीन तपासायला यंत्रानं खोल भोक पाडलं आणि माझा एक गोल तुकडा कचेरीतल्या टेबलावर आला. कंत्राटदार मामा आणि खडकांचा अभ्यास केलेली त्याची भाची माझ्यावरून भांडत होती.

"मामा, हा थर उताराकडे झुकलाय. पाणी मुरलं की वरचा खडक शाळेसकट घसरेल."

मामानं मला टेबलावर आपटलं. "हा घसरणार? अगं, विटेपेक्षा टणक आहे. चार पुस्तकं वाचून मला डोंगर शिकवू नकोस."

खरं सांगतो, मला बरं वाटलं. जन्मात पहिल्यांदा कुणी मला टणक म्हणालं होतं.

भाचीनं पाण्याचा पेला पुढे सरकवला. "मग यात टाकून बघ."

"टाकतो की. घाबरतो काय?"

पाणी अंगाला लागलं आणि मला कळलं, मी तग धरला तर शाळा तिथंच होणार. इतका काळ घट्ट राहिलेला मी, सुटणं जिवावर आलं. पण ठरवलं, सुटायचं, आणि मामाच्या डोळ्यांदेखत सुटायचं. मी फुगलो, तडकलो आणि गाळ होऊन तळाशी बसलो.

मामानं पेला उचलून तळाचा गाळ न्याहाळला. मग त्यानं नकाशा उलगडला. "पलीकडच्या सपाटीवर भोक पाडून बघू," तो म्हणाला, "आणि हा पेला कुणी धुवायचा नाही."

म्हणून मी अजून इथं कपाटावर आहे. तुकडा मोडला याचं वाईट वाटतं, पण पुन्हा वेळ आली तर पुन्हा हेच करीन. माझं बाकीचं अंग त्या उतारातच आहे आणि पाणी लागलं की तेही असंच वागणार. तिथं गवत वाढू द्या, झाडं वाढू द्या. मुलांना मात्र माझ्या भरवशावर बसवू नका.