बेटावर फुटलेलं माझं भिंग

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे आणि स्वभावाने मत्सरी आहे, हे आधीच कबूल करते.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण खरं आयुष्य दिलं ते एका घड्याळजींनी. भंगाराच्या दुकानातून त्यांनी मला उचललं, स्क्रू न् स्क्रू खोलून साफ केलं. तेव्हापासून दरवर्षी मी त्यांच्या गळ्यात लटकून लाँचने बेटावरच्या अभयारण्यात जात असे. "अहो, आता मला द्या ना!" म्हणत त्यांची बायको मला ओढून घ्यायची. दोघं माझ्यावरून भांडत. असं सुख कुणाला मिळतं?

पुढे ती गेली. घड्याळजींचे आजोबा झाले, त्यांचे हात थरथरू लागले. मला कुणी उघडेना. भिंगांच्या आत बुरशी धरली. अशात त्यांच्या नातीने, ठकीने, कॅमेरा आणला. लांब नाकाचा, काळा कुळकुळीत! सगळं घर त्याच्याभोवती. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

यंदा सगळे बेटावर गेलो. रक्षकबाईंनी दूरच्या वाळक्या झाडावरचं गरुडाचं घरटं दाखवलं. आजोबांनी मला डोळ्यांना लावलं. माझ्यातून नुसतं धुकं दिसत होतं.

"दिसलं का, बाबा?" सुनेने विचारलं.

"दिसलं की! दोन पिल्लं आहेत."

माझ्यासाठी ते खोटं बोलले, मित्रांनो!

तेवढ्यात ठकीने कॅमेऱ्याचा पडदा पुढे केला. "तीन आहेत, आजोबा. हे बघा, तिसरं चोच वासून बसलंय."

"अगं, पिसंसुद्धा दिसतात!" आजोबा लहान मुलासारखे हसले. इतकी वर्षं ते हसू माझं होतं. मनात म्हटलं, पडू दे त्या मेल्या कॅमेऱ्याला समुद्रात.

परतताना धक्क्याच्या ओल्या पायरीवर ठकीचा पाय घसरला. कॅमेरा निसटला. माझा पट्टा कधीच तुटला होता, म्हणून मी आजोबांच्या हातात होते. त्यांनी मला सोडलं आणि कॅमेरा झेलला.

मी दगडावर आपटले. उजवं भिंग फुटलं. पण त्याहून जास्त लागलं ते त्यांचं हात सोडणं.

"आजोबा, तुमची दुर्बीण!" ठकी रडकुंडीला आली.

"तुझ्या कॅमेऱ्यात तिन्ही पिल्लं होती ना गं," एवढंच ते बोलले. मला उचलून त्यांनी माझे काचेचे तुकडे रुमालात वेचले.

दुसऱ्या दिवशी ठकीने टेबलावर पांढरं कापड अंथरलं. "तुम्ही सांगा, हात माझे." आजोबा सांगत गेले. तिने एकेक स्क्रू काढला, बुरशी पुसली. उजवा डोळा गेला तो गेलाच. डाव्याने मात्र समोरच्या गच्चीवरचे कपड्यांचे चिमटेही मोजता येतात.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना पेटीत कुजत ठेवू नका. अधूनमधून उघडा, वारा द्या, मऊ फडक्याने पुसा. आणि घरात जुनी-नवी अशा दोन वस्तू असतील, तर आधी जुनीला हात लावा. ठकी आधी कॅमेरा पुसते. एका डोळ्याने का होईना, मला दिसतं ते.