‘न’च्या डोक्यावरची लाट

इनेस आजीच्या मांडीवर गेली की रडायची. भूक, दात, पोटातला वारा, अंगातलं टोचरं झबलं, अशी सगळी कारणं सेनाइदाने लावून पाहिली होती. खरं कारण तिला ठाऊक होतं, पण ते मनातल्या मनातही म्हणवत नव्हतं. इनेस पोटात होती तेव्हा सेनाइदाच्या आईचं, ओब्दुलियाचं, घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यात स्वरयंत्र गेलं. आता तिच्या गळ्याच्या खळगीत श्वासासाठी एक भोक होतं. त्यावर तिने स्वतः विणलेला क्रोशाचा रुमाल बांधलेला असे आणि दमली की आतून बारीक शिट्टी वाजे. ओठ हलत, पण शब्द बाहेर पडत नसत. आठ महिन्यांची पोर त्या ओठांकडे टक लावून बघायची, वाट बघायची आणि काहीच येत नाही म्हटल्यावर भोकाड पसरायची.

अलीकडे ओब्दुलिया नातीला घ्यायचंच टाळू लागली होती. ‘हात ओले आहेत’ अशी खूण करायची. हात कोरडे ठणठणीत असायचे.

आणि ही बाई कोण, तर मिसांतलाच्या गावरेडिओवर दर शनिवारी पोरांना भुतांच्या गोष्टी सांगणारी. तिच्या आवाजाने अख्ख्या गावाची पोरं पांघरुणात शिरत. कार्यक्रमाचं नाव होतं ‘न्यान्यारास’. अंगावर सर्रकन येतो तो काटा म्हणजे न्यान्यारास. घरी त्यातली एकही गोष्ट जपून ठेवलेली नव्हती. रोज बोलणाऱ्या माणसाचा आवाज कोण जपून ठेवतं?

म्हणून रेडिओचा जुना कॉम्प्युटर, त्यातलं सगळं पुसून, शाळेला देणार आहेत हे कानावर आलं, त्याच सकाळी सेनाइदाने बाळाला रेबोसोच्या शालीत पाठीशी बांधलं, पिशवीत रिकामी डिस्क टाकली आणि आईला जवळजवळ ओढतच तिथे नेलं.

‘‘ऐकून काय करायचंय?’’ ओब्दुलियाचे ओठ वाटेत दोनदा म्हणाले. सेनाइदाने दोन्ही वेळा न बघितल्यासारखं केलं.

रेडिओची मशिनं सांभाळणारे मास्तर एर्मिलो दारातच खुर्ची टाकून बसले होते. ‘‘या इंजिनीयरबाई. हलापाहून शिकून आलात, पण माझ्या या म्हाताऱ्या मशीनची आठवण ते मरायला टेकलं तेव्हा आली.’’

‘‘मास्तर, बाळासमोर सिगरेट नको.’’

‘‘पेटवली कुठंय? नुसती तोंडात आहे. डॉक्टरने ओढायची बंद केलीय, चावायची नाही.’’ मग ते उठून उभे राहिले आणि ओब्दुलियासमोर त्यांनी टोपी काढली. ‘‘बाईसाहेब. माझी धाकटी अजून तुमच्यामुळे न्हाणीघरात एकटी जात नाही. लग्न झालंय तिचं.’’

ओब्दुलिया हसली. तिचं हसणंही आता नुसत्या खांद्यांचं उरलं होतं.

मशीन सुरू झालं. माउस नाही, चित्रं नाहीत. निळा पडदा आणि त्यावर शेजारी शेजारी दोन खण. डाव्या खणात मशीनमधल्या फायलींची यादी, उजव्यात सेनाइदाची रिकामी डिस्क. बाणांनी वर-खाली जायचं, टॅबने या खणातून त्या खणात उडी मारायची, एफ-फाइव्हने नक्कल पलीकडे पाठवायची, एफ-एटने पुसायचं. कॉलेजात ती याच निळ्या खणांवर शिकली होती. आणि पहिल्याच आठवड्यात शिकली होती ते हे, की इथे कचऱ्याची टोपली नसते. पुसलं ते गेलं. तेव्हापासून एफ-एट दाबण्याआधी ती प्रत्येक वेळी बोट हवेत धरून मोठ्याने वाचायची. मित्र चिडवायचे, ‘‘माळ जपतेयस का?’’

‘‘आई, जरा धर हिला. दोन्ही हात लागतील मला.’’

ओब्दुलियाने तळवे दाखवले. ओले, म्हणे.

‘‘आई.’’

आजीने नात घेतली. नातीने ओठांकडे पाहिलं, खालचा ओठ काढला आणि सूर लावला.

त्या रडण्याला पाठ करून सेनाइदा यादीत उतरू लागली. तिच्या भाषेत ‘न’ झाला की पुढचं अक्षर न्य. तोच ‘न’, फक्त डोक्यावर लाट असलेला. लहानपणी फळ्यावर तसंच शिकवतात, शब्दकोशातही तसंच असतं. नाताळची गाणी, नवेनाच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना, बातम्या, असे सगळे ‘न’ सरले. आता लाटवाला ‘न’ यायला हवा होता. पण पुढे थेट ‘ओ’. ती परत वर गेली, परत खाली आली. मग लाटवाल्या ‘न’ची कळ दाबून शोध घेतला. काही सापडलं नाही.

‘‘मास्तर, ‘न्यान्यारास’ नाहीये.’’

मास्तरांनी सिगरेट तोंडाच्या दुसऱ्या कोपऱ्यात ढकलली. ‘‘पुराच्या वर्षी एक डिस्क गेली होती. त्यात असेल.’’

सेनाइदाला आईकडे बघवेना. तिने बघितलं तेव्हा ओब्दुलिया खिडकीबाहेर बघत होती, तोंडाने ‘बरं झालं’ म्हणत होती आणि बाळाची पाठ थोपटत होती. जरा जास्तच जोरात.

‘‘बाकीचं तरी ने,’’ मास्तर म्हणाले. ‘‘लोकांच्या आठवणी आहेत.’’

तिने सगळ्या फायलींची नक्कल सुरू केली. थोड्या वेळाने काम अडलं आणि मधोमध लाल चौकट आली: हे नाव डिस्कला चालत नाही. यादीच्या अगदी तळाशी, ‘झेड’च्याही खाली, प्रश्नचिन्हांनी भरलेल्या सहा ओळी होत्या.

‘‘ती किडकी,’’ मास्तर म्हणाले. ‘‘मागे मशीनची सिस्टिम बदलली तेव्हा ही नावं सडली. मी हात लावत नाही त्यांना. उडव आणि पुढे चल.’’

तिने सहाही ओळींवर खूण केली. ओळी पिवळ्या झाल्या. एफ-एट. पुन्हा लाल चौकट: पुसू? सवयीने तिने बोट हवेत धरलं आणि वाचू लागली, ‘‘प्रश्नचिन्ह, प्रश्नचिन्ह, प्रश्नचिन्ह, आरास...’’

मनगटावर आईची पकड बसली. रडतं बाळ एका हातात सावरत ओब्दुलिया खुर्चीतून अर्धी उठली होती आणि तिच्या गळ्यातून जोरजोरात शिट्टी वाजत होती. मनगट सोडून तिने बोटाने हवेत एक वळवळती रेघ काढली. लाट. पुन्हा लाट.

‘‘काय झालं? श्वास अडकलाय का? पाणी हवंय?’’ सेनाइदाने विचारलं.

आईने जोरात मान हलवली. लाट.

‘‘साप?’’

‘‘समुद्र,’’ मास्तर म्हणाले. ‘‘बाईसाहेबांना नाउतलाच्या किनाऱ्यावर जायचंय. बरोबर आहे, इथे भट्टी झालीय.’’

ओब्दुलियाने दोघांकडे असं पाहिलं, की दोघंही शाळेत जाऊन बसले. मग तिने तर्जनी जिभेला लावली आणि काचेवर, त्या सहांपैकी पहिल्याच ओळीतल्या पहिल्या प्रश्नचिन्हाच्या डोक्यावर, ओल्या बोटाने छोटीशी लाट काढली. तिसऱ्याच्या डोक्यावरही. मधल्यावर एक तिरपी रेघ, ‘आ’वर जोर द्यायला देतात तशी.

सेनाइदाने पुन्हा वाचलं. या वेळी नुसत्या ओठांनी: न्यान्यारास.

जुन्या मशीनने ती लाट एका तऱ्हेने लिहिली होती, नव्या सिस्टिमला ती वाचता येत नव्हती. जे वाचता येत नाही ते तिने शेवटी, सगळ्यांच्या मागे नेऊन उभं केलं होतं. आणि सेनाइदा त्याला शब्दकोशातल्या त्याच्या जागी शोधत बसली होती.

‘‘मास्तर,’’ ती म्हणाली, ‘‘हे किडकं नाहीये.’’

 मास्तरांनी सिगरेट काढून खिशात ठेवली.

एस्केप. लाल चौकट गेली. एकेक करून तिने पिवळ्या खुणा उतरवल्या. प्रत्येक ओळीची खूण खरंच गेली हे बघूनच पुढे सरकली. मग लाटवाल्या ओळीवर एफ-सिक्स, नाव बदलायची कळ. तिथे नवं नाव लिहायचं. तिने कीबोर्ड आईच्या बाजूला सरकवला. ओब्दुलियाने ‘एल’च्या शेजारची कळ दाबली आणि लाटवाला ‘न’ निळ्या पडद्यावर धडधाकट उमटला. बाकीची अक्षरं तिने घाई न करता भरली.

ती ओळ म्हणजे एक फोल्डर होता. तिने तो उघडला. आत गोष्टी होत्या, ओळीने. सेनाइदाने पहिलीवर एंटर दाबला.

स्पीकर खरखरला. ‘‘माझ्या भित्र्या सशांनो,’’ एक जाड, गोड, किंचित घोगरा आवाज म्हणाला, ‘‘दिवा मालवू नका हं. तुम्हाला नाही, मला भीती वाटते.’’

इनेस रडायची थांबली. तिने स्पीकरकडे पाहिलं.

ओब्दुलिया ताठ झाली. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच ती स्वतःला ऐकत होती. तिचा चेहरा इतका कोरा झाला की सेनाइदा घाबरली. आपण हे काय केलं, जुनी जखम कशाला उकरली? तिने आवाज बंद करायला हात पुढे केला. आईने त्या हातावर चापट मारली. हलकी, पण चापटच.

‘‘नदीपलीकडे एक म्हातारी राहायची,’’ स्पीकर म्हणाला, ‘‘तिला शेजारी नव्हते, पण रोज कुणीतरी दार वाजवायचं.’’

आणि ओब्दुलियाचे ओठ हलू लागले. आधी चाचरत, एक शब्द मागे. मग आवाजाला गाठून, अगदी बरोबरीने. गोष्ट तिला पाठच होती. कुठे श्वास घ्यायचा, कुठे थांबायचं, सगळं. तिने नातीला स्वतःकडे वळवून मांडीवर उभं केलं.

इनेस त्या ओठांकडे बघत राहिली. ओठ उघडले की आवाज येत होता. मिटले की थांबत होता.

तिने हात उचलला आणि अख्खी मूठ आजीच्या तोंडात घातली. सेनाइदाला वाटलं, आता म्हणावं, नखं वाढलीत तिची. पण म्हणाली नाही.

‘‘ठक. ठक. ठक,’’ तोंडात मूठ असूनही आजीचा आवाज म्हणाला. ‘‘म्हातारी म्हणाली, कोण आहे?’’

इनेसने मूठ काढून पाहिली. तोंड अजून चालूच होतं. तिने मूठ पुन्हा आत घातली, आवाज तरीही थांबेना, आणि मग ती जी खिदळायला लागली ती गोष्टीतलं भूत दारातून आत आलं तरी थांबली नाही.