फाट्यावरचं तोंड

धाकूचा लेक पोशा, पोशाचा लेक नामा, आणि नामाची एकुलती लेक काशी. नामाला मुलगा नव्हता म्हणून जावई घरी आणला. त्यामुळे काशी जन्मली त्याच घरात म्हातारी झाली आणि सिद्धगडाच्या पायथ्याचं ते सगळं गाव तिला आत्या म्हणू लागलं. धाकूने रान मोडून खाचरं पाडली, पोशाने त्यांना बांध घातले. नामाने मात्र जमिनीबरोबर लेकीच्या पदरात एक ऋणही टाकलं.

गोऱ्यांच्या राज्यात सिद्धगडच्या रानात काही माणसं लपली होती. मिसरूडही न फुटलेला नामा त्यांना भाकऱ्या पोचवीत असे. एके दिवशी फौजदार आला, सारं गाव चावडीपुढे बसवलं आणि विचारता झाला, "भाकरी कोण नेतं?" नामाच्या तोंडचं पाणी पळालं. एवढ्यात पार मागे, गावापासून अंतर राखून बसवलेल्यांमधून सोनू उठला आणि म्हणाला, "मी." ज्याला चावडीची पायरी शिवू देत नसत, त्याला त्या दिवशी चावडीच्याच खांबाला बांधून फोडून काढलं. सोनूचा डावा पाय पुढे कधी सरळ पडला नाही. नामाने दर दिवाळीला नव्या तांदळाची पाटी पाठवली; सोनूने दर दिवाळीला ती परत केली. पुढे तो बौद्ध झाला, गावकीची कामं त्याने टाकली, पण त्या दिवसाबद्दल अवाक्षर काढलं नाही.

मरतेवेळी नामा म्हणाला होता, "काशे, आपल्याला कुणाचं देणं नाय. सोनूचा एक शब्द तेवढा देणं हाय. दाण्याने फिटायचा नाय तो."

काशीआत्याने ते ऐकलं, आणि मानमरातबाच्या दिवसांत त्यावर माती लोटली.

मान तिला भरपूर मिळाला. आज जो नेता देशाची गादी चालवतो, तो एका निवडणुकीत मुरबाडला आला होता, आणि तिचा मुलगा नवसू पक्षाचं काम करीत असल्यामुळे ओवाळण्याचा मान आत्याला मिळाला होता. नेता तिच्यापुढे वाकला आणि म्हणाला, "आई, तुमच्या लेकरांच्या ताटातली भाकर मी सुखाची करीन." तेवढ्यावर आत्या विरघळली. घरोघर जाऊन तिने बायांना बजावलं, "माझ्या शब्दावर मत टाका. उद्या काय वावगं झालं, तर मला येऊन विचारा." गावाने तिच्या शब्दावर मत टाकलं. नेत्याची तसबीर तिच्या घरात कुलदैवताच्या शेजारी लागली.

मग लढाई आली. आपल्या सीमेवर कुणी चालून आलं नव्हतं. समुद्रापलीकडच्या एका मुलखात दुसऱ्यांचं भांडण पेटलं होतं. नेत्याने दोस्ताला शब्द दिला आणि आपली फौज जहाजांत भरून पाठवली. पहिल्या आठवड्यात मुरबाडच्या नाक्यावर फटाके वाजले. शहापूरला, आटगाव स्टेशनाबाहेर आणि आत्याच्या गावाच्या फाट्यावर, एस.टी. थांबते तिथे, भलेमोठे फलक उभे राहिले. त्यांवर ओवाळून घेणारा नेता होता, ताम्हण धरलेली काशीआत्या होती, आणि खाली अक्षरं होती: 'आईचा आशीर्वाद रणाला!'

शहापूरला कॉलेजात जाणारी नात समीक्षा घरी येऊन नाचली होती. आत्याही ठेवणीतलं लुगडं नेसून फाट्यावर जाऊन स्वतःला पाहून आली होती. हे इथे नमूद करायलाच हवं.

त्यानंतर तिरंग्यात गुंडाळलेल्या पेट्या येऊ लागल्या. टोकावड्याच्या बाजूची एक आली, शहापूरकडची एक आली, आणि खळी सारवून भातं झोडून होत असताना सोनूच्या पणतूची, फौजेत गेलेल्या मुकेशची, पेटी आली. मुकेश रत्नप्रभेचा एकुलता लेक होता. त्याचा बाप महेंद्र पेटीपाशी बसला तो उठेचना. नेत्याने त्या संध्याकाळी भाषण केलं, "ही लढाई मला देशातल्या आयांनी मागितली आहे."

धसईच्या बाजारात आत्या गेली, तर भाजी विकणाऱ्या ठमीने तिच्या हातातली वांगी काढून घेतली.

"आत्या, तुमाला नाय देत मी."

"का गो? फुकट मागतेय का?"

"तुमी लढाई मागितलीत म्हनं. मिळाली की! आता वांगी कशाला हवीत?"

भोवती बाजाराला आलेल्या गावच्याच बाया हसल्या, पण ते हसू चांगलं नव्हतं. एक म्हणाली, "तुमच्या घरचं कोन गेलंय तिकडं? नवसू तर हितंच मिरवतोय."

दुसरी म्हणाली, "आमी तुमच्या शब्दावर मत टाकलं, आत्या. विचारायला या म्हनाला होतात. हे विचारतोय."

काशीआत्याला आयुष्यात असं कुणी बोललं नव्हतं. ती ताडताड फाट्यावर उतरली. फलकाकडे पाहिलं, तर तिच्या तोंडावर कुणीतरी खाचरातला चिखल मारला होता. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी येऊन तिने नवसूवर राग काढला, तो अजून गावावरचा राग होता.

"माजलंय गाव! माझ्या तोंडावर चिखल मारतात!"

"तू मनावर नको घेऊ, आये," नवसू म्हणाला. "पोरांकडून धुवून घेतो. रविवारी मोठे पुढारी येतायत. मुकेशच्या आईला शाल द्यायची, अन् ती तुझ्या हातून."

"रत्नाला इचारलंस?"

"त्यात काय इचारायचं? मान हाय तो."

"अन् माझा फोटो लावताना मला इचारलंवतंस?"

नवसू हसला. "तुझ्या लेकाला वाटलं, आयेला आनंद होईल."

झालाही होता. म्हणूनच ते हसू तिला बोचलं.

शनिवारी सकाळी नवसू ओरडतच आत आला. फलकाला कुणीतरी काळं फासलं होतं. लाकडाला वाळवी लागू नये म्हणून खांबांना चोपडतात, ते जळकं ऑइल. "रत्नप्रभाच! आपल्या रोशनने पाहिलंय तिला डबा घेऊन जाताना. सोडनार नाय. फौजदाराला फोन केलाय, दहाला चावडीवर येतोय. लढाई चालू असताना देशाच्या नेत्याला काळं? आत जाईल ती, आत!"

"पोर गेलंय तिचं, नवसू."

"म्हनून काय देशद्रोह करायचा?"

आत्या चपला घालून फाट्यावर गेली.

रत्नप्रभा फलकाखालीच बसली होती. पळाली नव्हती, लपली नव्हती. डबा शेजारी होता. आत्याने वर पाहिलं. नेत्याचं तोंड काळं ठिक्कर झालं होतं. डोळा दिसत नव्हता, ओठ दिसत नव्हता. आणि त्याच्या शेजारी ताम्हण धरलेली काशीआत्या लख्ख होती. तिच्यावरचा जुना चिखलसुद्धा ओल्या फडक्याने पुसून काढलेला होता.

"माझं तोंड का सोडलंस गो?" आत्याने विचारलं. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

"तुमी गावच्या, आत्या."

"मी त्याला ओवाळलं."

"तुमी मुकेशलाबी ओवाळलं होतं. फौजेत लागला तेव्हा. माझ्या दारात येऊन." रत्नप्रभा उठली नाही. "ह्या फलकावरच्याने तुमाला फसवलं, तसं मला फसवलं. पन माझा मुकेश फोन करायचा तिकडनं. म्हनायचा, आये, हितल्या लोकांचं आपल्याशी काय वाकडं हाय, तेच कळत नाय. मी काय सांगू त्याला? काशीआत्याचा आशीर्वाद हाय, लढ?"

आत्याचा राग प्रथमच योग्य दिशेला वळला. वाकून भाकर सुखाची करीन म्हणणारा तो; तिच्या ताम्हणातला दिवा उचलून दुसऱ्याच्या घराला आग लावणारा तो; आणि मेलेल्या पोरांच्या पेट्यांवर 'आयांनी मागितली' असा शिक्का मारणारा तो! तिच्या तोंडाने बोलण्याचा अधिकार त्याला कुणी दिला होता?

तिने डब्यात उजवा हात मनगटापर्यंत बुडवला. फलकाची खालची कड तिच्या खांद्याला लागत होती. टाचा उंचावून तिने स्वतःच्याच तोंडावर पंजा ओढला, कपाळापासून हनुवटीपर्यंत, आणि मग 'आशीर्वाद' या शब्दावरून तो आडवा फिरवला.

"आत्या, काय करताय?"

"माझं हाय. मी काय बी करीन. चल, चावडीवर चल. अन् तिथं गप बसायचं, सांगून ठेवते."

हात पदराखाली घेऊन ती निघाली.

चावडीपुढे गाव जमलं होतं. धसईहून ठमीही आली होती. नवसू आणि त्याचे चार सोबती पुढे उभे राहून नेत्याच्या नावाचा जयजयकार करीत होते. एरवी सारं गाव त्याला साथ देई; त्या दिवशी चौघांचेच आवाज भिंतीला आपटून परत आले. फौजदार तरुण होता, आणि हे काम त्याच्या मनाला पटत नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"फलकाला काळं कोणी फासलं?" त्याने विचारलं.

"रोशन, सांग," नवसू म्हणाला.

रोशनने मुकेशच्या पेटीला खांदा दिला होता. तो पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला. "अंधुक होतं. मी काय नाय पाहिलं."

"अरे, सकाळी तर—"

"नाय पाहिलं बोललो ना, नवसूदादा!"

मागच्या बाजूला रत्नप्रभा उठू लागली. काशीआत्याने ते पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांपुढे एक लंगडा पाय उभा राहिला. ती गर्दी चिरून पुढे गेली, चावडीची पायरी चढली, ज्या खांबाला सोनूला बांधलं होतं त्याला पाठ लावून उभी राहिली आणि पदराखालचा हात बाहेर काढला. मनगटापर्यंत काळा.

"मी," ती म्हणाली.

नवसूचा चेहरा उतरला. "आये! काय बोलतेस? साहेब, वय झालंय तिचं—"

"वय तुझ्या अकलेचं झालंय. गप ऱ्हा! साहेब, लिहा. नामाची लेक काशी. त्या फलकावर तोंड माझं होतं. मला न इचारता लढाईला जुंपलं होतं. मी ते काळं केलं, अन् शेजारच्याचंबी माझ्या खाती लिहा. त्याला मत द्या, म्हनून मी या गावाला सांगितलं होतं. आज सांगते, मी चुकीच्या मानसाला ओवाळलं. त्याला जाऊन सांगा, मुरबाडच्या कुठल्याच आयेने त्याच्याकडे लढाई मागितली नवती."

कुणी टाळी वाजवली नाही. ठमीने पदर तोंडाला लावला. नवसूच्या चार सोबत्यांपैकी एकाने गळ्यातलं उपरणं काढून घडी घातली आणि तो मागच्या मागे गर्दीत मिसळला.

फौजदार खालच्या आवाजात म्हणाला, "आजी, मला तुम्हाला गाडीत बसवावं लागेल."

"बसव की. चालत थोडीच जानार हाय मुरबाडला?"

"मी येते," रत्नप्रभा ओरडली. ती गर्दीतून पुढे आली होती, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "साहेब, मी फासलं! आत्या खोटं—"

काशीआत्याने काळा हात वर केला. आवाज असा चढवला, की झाडावरचे कावळे उडाले.

"खाली बस गो! तुमचं घर या चावडीवर एकदा उठून झालंय. ही आमची पाळी हाय."

आणि नामाची लेक पायरी उतरून गाडीकडे चालू लागली.